‘चालेल’ म्हणण्याचा अधिकार

माझ्या धंद्यात सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द म्हणजे ‘चालेल’. पंखे, पंप, टर्बाइन, गिअरबॉक्स अशा फिरत्या यंत्रांची कंपनं मोजायची आणि यंत्र सुरू ठेवायचं की थांबवायचं ते सांगायचं, हे माझं काम. गेली पंचवीसएक वर्षं सांगली आणि सातारा जिल्ह्यांत मी ते करतो आहे. लोक आपल्याला मोजणीचे पैसे देतात, असं मला सुरुवातीला वाटायचं. पण आकडे वाचणारा माणूस बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडेही असतो. पैसे मिळतात ते ‘चालेल’ या शब्दाखाली सही करण्याचे.

हा लेख अशा दोन सह्यांबद्दल आहे. एका वेळी मी ‘चालेल’ म्हणालो, दुसऱ्या वेळी ‘बंद करा’. दोन्ही वेळा कोणाला साधं खरचटलंही नाही. तरी दोन्ही वेळा मी चुकलो असं आज मला वाटतं, आणि चूक दोन्हीकडे एकच होती.

पहिली गोष्ट वाळवा तालुक्याकडच्या एका साखर कारखान्यातली. जानेवारी महिना, गळीत हंगाम भरात. बॉयलरमधला धूर ओढून चिमणीत सोडणारा जो मोठा पंखा असतो, त्याला सगळे आय. डी. फॅन म्हणतात. त्याचा आवाज बदलल्याची तक्रार होती. तक्रार केली होती बॉयलर हाऊसमधल्या एका जुन्या फायरमननं. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामांची पद्धत जुनी : स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. “साहेब, चार दिस झालं, ह्येचा सूर बदललाय बघा,” एवढंच ते म्हणाले.

मी मोजलं. बेअरिंगवर कंपनाचा वेग सेकंदाला 5.8 मिलिमीटर.

आता या आकड्याचं काय करायचं? त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकांची कोष्टकं असतात. 300 किलोवॉटपेक्षा मोठ्या यंत्रांचं जे कोष्टक मी वापरत होतो, त्यात चार पट्टे होते. ‘अ’ म्हणजे नवं यंत्र, ‘ब’ म्हणजे खुशाल चालवा, ‘क’ म्हणजे थोडे दिवस चालवा पण दुरुस्तीची सोय बघा, आणि ‘ड’ म्हणजे नुकसान होणार. गंमत अशी की कोष्टकाला रकाने दोन होते. यंत्राचा पाया ताठर असेल तर ‘ब’ पट्टा 4.5 ला संपतो आणि ‘क’ 7.1 ला. पाया लवचीक असेल तर ‘ब’ पट्टाच 7.1 पर्यंत जातो. म्हणजे 5.8 हा आकडा एका रकान्यात आजारी आणि दुसऱ्यात ठणठणीत.

हा भेद मनमानी नाही. प्रत्येक पायाची, त्यावर बसवलेल्या यंत्रासकट, स्वतःची एक डोलण्याची गती असते. तिला नैसर्गिक वारंवारता म्हणतात. फिरण्याची गती तिच्याजवळ गेली की अनुनाद होतो आणि कंपन फुगतं. पंखा मिनिटाला 990 फेरे, म्हणजे सेकंदाला साडेसोळा फेरे घेत होता. पायाची वारंवारता याच्या किमान सव्वा पट, म्हणजे 20.6 च्या वर असेल तर पाया ताठर म्हणायचा, असा नियम. पाया लवचीक असेल तर 5.8 मधला बराच भाग पायानं फुगवलेला असू शकतो. पाया ताठर असेल तर फुगवटा कमी, म्हणजे मूळ दोष मोठा. पंख्यातच काहीतरी बिघडलं आहे.

मग पायाची वारंवारता किती होती? मला माहीत नव्हतं. नकाशावर आकडा होता, पण तो बांधकामाच्या वेळचा. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नटबोल्ट सैल होतात, सिमेंटचा गिलावा सुटतो. माझा अंदाज 18 ते 24 असा होता. म्हणजे उत्तर सीमेच्या अलीकडे किंवा पलीकडे, कुठेही.

अशा अंदाजाची रुंदी किती महाग पडते, हे आकड्यांत सांगतो. समजा यंत्र पायाच्या वारंवारतेच्या 80 टक्के गतीनं फिरतं आहे, आणि कंपन जिरवण्याची पायाची क्षमता, म्हणजे अवमंदन, 5 टक्के आहे. आता पायाची ताठरता एकपंचमांशानं कमी करा. यंत्राच्या गतीला किंवा वजनाला हात लावू नका. तरी कंपन दुपटीहून जास्त वाढतं. अनुनादापासून लांब असताना हीच चूक केली तर एवढा फरक पडत नाही. म्हणजे आपल्या अज्ञानाची किंमत यंत्र कुठे उभं आहे त्यावर ठरते. आणखी एक सापळा आहे. सगळ्या अनिश्चित गोष्टींची सरासरी घेऊन कंपन काढलं, तर ते सरासरी कंपन नसतं. ते त्या एका सरासरी यंत्राचं कंपन असतं, आणि तसं यंत्र बहुधा कुठेच नसतं.

पायाची वारंवारता शोधण्याचा उपाय सोपा आहे. यंत्र थांबवायचं, रबरी तोंडाच्या हातोड्यानं पायाला ठोका द्यायचा आणि तो कसा डोलतो ते मोजायचं. अर्ध्या तासाचं काम. पण आय. डी. फॅन थांबला की बॉयलर थांबतो, बॉयलर थांबला की टर्बाइन, आणि मग गव्हाणीत ऊस पडून राहतो. बाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग होती. तोडून आणलेला ऊस ताटकळला की वजनात आणि उताऱ्यात घटतो. इंजिनिअर साहेबांनी मला विचारलं, “चालेल ना?” मी अर्धा तास मागितलाच नाही. अहवालात पाया ‘लवचीक’ लिहिला, 5.8 वर ‘ब’ टाकला आणि म्हणालो, “चालेल.”

हंगाम संपला. एप्रिलमध्ये पंखा उघडला तेव्हा मला बोलावलं होतं. उसाच्या चिपाडाच्या राखेत बारीक वाळू असते. तिनं पाती एका बाजूनं खाल्ली होती. एका पात्याच्या मुळाशी, वेल्डिंगच्या जोडावर, चार बोटं लांब तडा होता. त्या दिवशी मी पायाला ठोका देऊन पाहिला. वारंवारता 23 निघाली. पाया ताठर होता.

तो पंखा दीड टनाचा. अशा पंख्यात किती असंतुलन ‘चालतं’ याचंही मानक आहे. त्या गतीला हिशोब केला तर मध्यापासून एक मीटरवर सुमारे 90 ग्रॅम. एक मध्यम कांदा. पण 990 फेऱ्यांना तो कांदा जवळजवळ शंभर किलोच्या जोरानं बाहेर ओढतो. पातं सुटलं असतं तर ते कांदा नव्हतं, काही किलोंचं पोलाद होतं.

पण सुटलं नाही. मग मी चुकलो का?

इंग्लिश गणिती विल्यम क्लिफर्ड यानं 1877 साली विश्वासाच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एका जहाजमालकाची गोष्ट आहे. जहाज जुनं झालंय अशी त्याला शंका येते. पण दुरुस्ती महाग, म्हणून तो स्वतःची समजूत घालतो की इतक्या सफरी झाल्या, हीसुद्धा होईल. जहाज बुडालं तर तो दोषी आहेच. क्लिफर्डचा मुद्दा पुढचा आहे : जहाज सुखरूप पोचलं तरी तो तेवढाच दोषी आहे, कारण समोरच्या पुराव्यावर तसं मानायचा त्याला अधिकारच नव्हता. याच्या उलट बाजू जवळजवळ शंभर वर्षांनी, 1976 मध्ये, बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी मांडली. तत्त्वतः काहीही म्हणा, आपण माणसांना निष्पत्तीवरून तोलतो, आणि निष्पत्तीत नशिबाचा वाटा असतो. याला त्यांनी नैतिक नशीब असं नाव दिलं. त्या एप्रिलमध्ये कारखान्यात कोणीही मला दोष दिला नाही. उलट “साहेबांनी सांगितलं तसा हंगाम निघाला” असंच म्हणाले. माझं नाव झालं ते एका तड्यानं आणखी वाढायला घेतलेल्या वेळामुळे.

त्यानंतर मी घाबरलो, आणि दुसरी गोष्ट त्या भीतीतून घडली.

दोनेक वर्षांनी कराडकडच्या एका उपसा सिंचन योजनेवर गेलो होतो. कृष्णेच्या काठी पंपघर, मे महिना. मुख्य पंपाचं कंपन आठवड्याभरात जवळजवळ दुप्पट झालं होतं. बेअरिंग गेलं असेल, इम्पेलर खाल्ला गेला असेल, शाफ्ट वाकला असेल. मापांवरून नक्की काहीच ठरेना. मला चार बोटांचा तडा आठवला. म्हणालो, “बंद करा. खोला.”

पंप नऊ दिवस बंद होता. खोलला तर आत काही नव्हतं. बेअरिंग चांगलं, इम्पेलर चांगला, शाफ्ट सरळ. पुन्हा जोडून सुरू केला तेव्हा कंपन नेहमीसारखं. दरम्यान कोयनेतून पाणी सुटलं होतं आणि नदी चढली होती. आधी पातळी इतकी खाली होती की पंप पाण्याबरोबर हवा ओढत होता. भोवऱ्यानं तो थरथरत होता. यंत्र निरोगी होतं, नदी आटली होती.

त्या नऊ दिवसांत वरच्या शिवारात आल्याची ताजी लागण वाळली. एक म्हातारे शेतकरी पंपघरावर आले. आरडाओरडा केला नाही. म्हणाले, “साहेब, तुम्हाला तरी नक्की ठावं व्हतं का?” मी म्हणालो, “नाही आबा. पण धोका होता.” ते म्हणाले, “मग आमास्नी इचारायचं की. पंपघरात कोण थांबलं नसतं, रात्रीची पाळी घेतली असती, निम्म्या लागणीला तरी पाणी दिलं असतं. मोडला असता तर आमचाच पंप मोडला असता.”

मला उत्तर देता आलं नाही. पंप खरंच त्यांच्याच सोसायटीचा होता.

कोयनेचं नाव आलंच आहे, तर या प्रश्नाचा मोठा नमुना तिथेच आहे. धरण बांधलं तेव्हा दख्खनचं पठार भूकंपाच्या दृष्टीनं स्थिर मानलं जात होतं. तरीही अभियंत्यांनी काही तजवीज ठेवली होती : गुरुत्वाकर्षणाच्या 5 टक्के एवढा आडवा जोर धरून हिशोब केला होता. 1962 च्या सुमारास जलाशय भरू लागला आणि परिसरात लहान धक्के जाणवू लागले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे मोठा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर जमीनदोस्त झालं. धरणात बसवलेल्या यंत्रानं नोंदवलेलं आडवं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्मं होतं. या दोन आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. तरी गृहीत आणि वास्तव यांत केवढं अंतर असू शकतं ते त्यातून दिसतं. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं, आणि नंतर मजबूत केलं गेलं.

मला यात दोन वेगळे काळ दिसतात. धरणाचा आराखडा होत असतानाचं अज्ञान सगळ्या जगाचं होतं. त्याबद्दल कोणाला बोल लावता येत नाही. पहिले धक्के जाणवल्यावर मात्र अज्ञानाची शंका झाली, आणि शंका आली की काहीतरी करणं भाग पडतं. तिथे भूकंपमापक बसवले गेले. म्हणूनच त्या पहाटेची नोंद आज जगभरच्या अभ्यासकांच्या हाती आहे.

इंजिनिअरही अनिश्चिततेचे असेच दोन प्रकार करतात. राखेचा थर कुठल्या पात्यावरून कोणत्या क्षणी सुटेल, हे कितीही अभ्यास केला तरी सांगता येत नाही. तो यदृच्छेचा भाग. पायाची वारंवारता किती, हे मात्र अर्ध्या तासात कळतं. कागदावर दोन्हींना ‘अनिश्चित राशी’ असं एकच नाव देता येतं, आणि ते सोयीचं असतं. पण नीतीच्या दृष्टीनं त्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्यापुढे मी हतबल आहे. दुसरी मी स्वतः राखून ठेवलेली आहे.

न्यायदर्शनाच्या सोळा पदार्थांत संशय तिसरा येतो. प्रमाण आणि प्रमेय यांच्या लगेच नंतर. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या वाईत हे सांगायला नको. संशयाचं ठरलेलं उदाहरण असं : संध्याकाळी लांबवर काहीतरी उभं दिसतं, तो खांब की माणूस? न्यायवाल्यांच्या लेखी संशय ही लाज वाटायची गोष्ट नाही. विचार तिथूनच सुरू होतो. पण खांब की माणूस, हे जागेवर बसून ठरवायचं नसतं. चार पावलं पुढे जाऊन बघायचं असतं. कारखान्यात मी ती चार पावलं टाकली नाहीत. जागेवर बसून ‘खांब’ असं लिहिलं, कारण खांब असणं सगळ्यांच्या सोयीचं होतं.

मग पंपघरात काय चुकलं? तिथे मी सोयीचं मानलं नव्हतं. उलट काळजी घेतली होती. आबांच्या बोलण्याचा अर्थ मला हळूहळू कळला. दोन्ही ठिकाणी मला जे माहीत नव्हतं ते मी स्वतःपाशी ठेवलं आणि लोकांच्या हाती फक्त निकाल दिला. ‘चालेल’ आणि ‘बंद करा’ या दोन्ही शब्दांत ‘मला माहीत आहे’ असं छापलेलं असतं. मला माहीत नव्हतं. ‘माहीत नाही’ हे जर मी उघड बोललो असतो, तर निर्णय दोनच उरले नसते. अर्धा तास मागता आला असता. रात्रीची पाळी ठरवता आली असती. नदीची पातळी किती खाली गेली आहे, हे आबांनीच मला सांगितलं असतं. ते रोज बघत होते.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मला खरा वाटतो. आबा पंपाचे मालक होते. जोखीम घ्यायचा त्यांना हक्क होता. बॉयलर हाऊसमधले मामा मालक नव्हते. त्यांना मी सांगितलं असतं की “मामा, मला नक्की माहीत नाही, पातं सुटूही शकतं,” तर त्यांनी काय केलं असतं? पाळी सोडून गेले असते? हंगामी कामगार कुठे जाणार? ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याला धोका सांगून मोकळं होणं म्हणजे आपल्या डोक्यावरचं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवणं. अनेक कारखान्यांत सूचनांचे फलक याच कामासाठी लावलेले असतात. तेव्हा सांगणं आवश्यक आहे, पण पुरेसं नाही. जो हलू शकत नाही त्याच्यासाठी सांगणाऱ्यानंच काहीतरी हलवलं पाहिजे.

आता मी अहवालात एका आकड्याऐवजी पल्ला लिहितो. कंपन एवढं, पाया अमुक ते तमुक असू शकतो, त्यानुसार पट्टा ‘ब’ किंवा ‘क’. खाली लिहितो की यातलं काय अर्ध्या तासात कळू शकतं आणि काय कळणारच नाही. आणि एक तिसरा रकाना मी स्वतः घातला आहे : माझा अंदाज चुकला तर यंत्राजवळ कोण असेल. काही गिऱ्हाइकांना हे आवडत नाही. “साहेब, एक काय ते सांगा,” म्हणतात. दोघातिघांनी काम दुसऱ्याला दिलं. त्यांचा राग मला समजतो. पल्ला दाखवला की निर्णयाचा वाटा त्यांच्याकडेही जातो, आणि तो नको म्हणूनच तर मला बोलावलेलं असतं.

तिसरा रकाना एका बाकड्यामुळे आला. आय. डी. फॅनच्या बरोबर समोर, पात्यांच्या फिरण्याच्या रेषेत, एक लाकडी बाकडं होतं. हिवाळ्यात तिथे ऊब असायची म्हणून मामा पाळीत तिथे बसायचे, डबाही तिथेच खायचे. फिरतं पातं सुटलं तर ते आपल्या फिरण्याच्या पातळीतच, जवळजवळ सरळ रेषेत बाहेर जातं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे ठाऊक असतं. जानेवारीच्या त्या दुपारी मी माझं मोजणीचं यंत्र त्याच बाकड्यावर ठेवलं होतं. त्यावर बसूनच ‘लवचीक’ लिहिलं होतं.

पंखा थांबवायची गरज नव्हती. कोणाची परवानगी लागत नव्हती. हंगाम, गव्हाण, उतारा, कशालाच धक्का लागत नव्हता. मी आणि मामा मिळून ते बाकडं दहा फूट बाजूला सरकवू शकलो असतो.

एप्रिलमध्ये तडा पाहिल्यावर मी ते सरकवलं. मामांनी विचारलं, “का वो साहेब?” मी म्हणालो, “तिथं राख उडते.” खरं कारण तेव्हाही सांगितलं नाही.